वाईन आणि स्पिरिट बनवण्याच्या कामात बायका: लॅब घेऊ की सेलर?

अवनी_के
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालंय, प्रोजेक्ट यीस्टवर होता आणि तेव्हापासून फर्मेंटेशनचं वेड लागलंय. सध्या दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. एक डिस्टिलरीतली क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅब, कायमची नोकरी, दिवसपाळी, एसी. दुसरं वायनरीत क्रशच्या (द्राक्षं चिरडून रस काढायच्या) सीझनपुरतं सेलर हँड, म्हणजे वायनरीच्या तळघरातलं अंगमेहनतीचं काम, होज ओढा, टाक्या धुवा, रात्री-अपरात्री पंपओव्हर (टाकीच्या तळाचा रस वरून सालांवर फिरवणं) करा, आणि सीझन संपला की पुढचं काहीच नक्की नाही. मनातून दुसरं करायचंय. घरचे अर्थात पहिल्याच्या बाजूने आहेत, "दारूच्या कारखान्यात" हे शब्द उच्चारतानाच आईचा आवाज खाली जातो, पण तो वेगळा विषय.

खरी गोची अशी झाली की डिस्टिलरीच्या इंटरव्ह्यूला मी विचारलं, पुढे प्रॉडक्शनला जाता येईल का, तर समोरचे सर गोड हसून म्हणाले की मॅडम तुम्हाला लॅबच बरी, बायकांचं नाक चांगलं असतं. आता हे कौतुक होतं की दार लावलं तेच कळेना. या धंद्यात कोणी असेल तर सांगा, विशेषतः बायकांनी.

मंदार७७
सरांनी चांगलंच म्हटलंय की. प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष कशाला आणायचं? लॅब घ्या, पगार सुरू होऊ दे, बाकीचं नंतर.

उगाच_एक
सॅम्पल घरी न्यायला मिळतं का ते आधी विचारा.

तळघरातली
मी आहे या धंद्यात, वाईनमध्ये, सुरुवात सेलर हँड म्हणूनच केली. त्यामुळे थोडं लांबण लावते.

आधी ते नेहमी ऐकू येणारं "बायकांना झेपत नाही" निकालात काढू. २२५ लिटरचं ओक बॅरल रिकामं असताना पंचेचाळीस-पन्नास किलो भरतं आणि भरलेलं पावणेतीनशेच्या आसपास जातं. भरलेलं बॅरल कुठलाच पुरुष उचलत नाही, फोर्कलिफ्ट उचलते. रिकामं बॅरल उचलायचं नसतंच, कडेवर तोलून फिरवायचं असतं, आणि ते हाताला बसलं की माझ्यासारखी पाच फुटी बाई पण फिरवते. होजचं म्हणाल तर दोन इंची होजमध्ये मीटरला साधारण दोन लिटर मावतात, म्हणजे दहा मीटर भरलेली होज ओढायची तर वीस किलो वाईन वर रबराचं वजन वेगळं. जो ती भरलेलीच ओढतो त्याची कंबर जाते, मग तो कितीही पैलवान असो. आधी निचरा करायचा मग ओढायची. हे मला एका म्हाताऱ्या फोरमनने शिकवलं ज्याचे स्वतःचे दोन मणके गेलेले.

खरं जड काम एकच, रेड वाईनची टाकी उपसणं. वाईन काढून घेतली की आत सालं आणि बियांचा ओला ढीग उरतो, टाकी मोठी असेल तर काही टन. दारातून फावड्याने ओढायचा. घाम, चिकटपणा, डोक्यापासून पायापर्यंत जांभळं, माश्या. इथे ताकद लागते हे खरंय, पण त्याहून जास्त लागतं ते आत शिरायच्या आधी हवा तपासायचं भान. एक लिटर रस पूर्ण फर्मेंट झाला की पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साईड सोडतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. हवेत चार टक्के झाला की जीवाला तात्काळ धोका धरतात. आणि यात एकटाच माणूस क्वचित जातो, पहिला पडला म्हणून वाचवायला उतरलेला दुसरा पण जातो. म्हणून अवनी, वायनरीत इंटरव्ह्यूला गेलीस की पगाराच्या आधी विचार, गॅस मीटर किती आहेत आणि टाकीत उतरायची परवानगी लेखी असते का. समोरच्याने "अगं आमच्याकडे अजून काही झालं नाही" असं म्हटलं तर पर्स उचल आणि घरी ये.

लॅब की सेलर यावर उद्या लिहिते, आत्ता ड्यूटी आहे.

श्रद्धा_एम
तळघरातली, दंडवत. हे असं कोणी कॉलेजात का सांगत नाही.

कॉलम_स्टिल
मी डिस्टिलरीत शिफ्ट इनचार्ज आहे, पुरुष आयडी, तरी बोलतो.

अवनीताई, लॅबला कमी लेखू नका. तुमच्या लाईनमधली मोठी नावं बघा. जमैकाच्या अ‍ॅपलटन रमच्या जॉय स्पेन्स, १९८१ मध्ये चीफ केमिस्ट म्हणून लागल्या आणि १९९७ मध्ये मास्टर ब्लेंडर (वेगवेगळ्या बॅरलचा माल मिसळून चव ठरवणारं मुख्य पद) झाल्या, स्पिरिट्सच्या जगात त्या पदावर पोचलेली पहिली बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. ड्युअर्स या स्कॉच व्हिस्कीच्या स्टेफनी मॅक्लिऑड २००६ पासून मास्टर ब्लेंडर, त्यांचं शिक्षण फूड सायन्स आणि आधीचं काम वास-चवीच्या संशोधनातलं. जॉनी वॉकरला २०२२ मध्ये पहिल्यांदा बाई मास्टर ब्लेंडर आली, एमा वॉकर (नावातला वॉकर योगायोगाचा), त्या पण केमिस्ट्रीत पीएचडी. सगळ्या लॅबच्याच दारातून.

आमच्याकडे प्लँट चोवीस तास चालतो त्यामुळे रात्रपाळी टळत नाही. कामाचं विचाराल तर सगळी मेख कटमध्ये आहे. पॉट स्टिलमधून, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यातून, आधी हेड्स येतात, नेलपॉलिश काढायच्या पातळ द्रवासारखा वास, ते बाजूला. मग हार्ट्स, हेच ठेवायचं, आणि शेवटी टेल्स, ओलसर पुठ्ठ्यासारखा जड वास. कुठे सुरू करायचं नि कुठे थांबवायचं हे आकड्याने ठरतं तसं नाकानेही ठरतं, दहा मिनिटं इकडे तिकडे झाली की पूर्ण बॅचचा स्वभाव बदलतो. नाक खरंच चांगलं असेल तर इथे सोनं आहे.

तळघरातली
कॉलम_स्टिल दादा, माहिती चोख आहे पण तुम्ही नकळत माझाच मुद्दा मांडलात. तुम्ही दिलेल्या तिन्ही बायका ब्लेंडर आहेत. स्टिलवर उभं राहून कट घेणाऱ्या किती सांगता येतील? अमेरिकेत केंटकीत दारूबंदी उठल्यानंतरची पहिली बाई मास्टर डिस्टिलर म्हणून मारियान ईव्ह्जचं नाव आलं ते २०१५ मध्ये. दारूबंदी उठली १९३३ ला! मधली ऐंशी वर्षं काय तिथे बायकांना सर्दी झाली होती? आणि नाक एवढंच चांगलं असेल तर मग कट बायकांनीच घ्यायला हवा होता ना, तिथे का नाही बोलावलं?

नाकाचं पण ऐका. २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात बायका वासात सरासरी पुढे निघाल्या पण फरक इतका किरकोळ की त्यावरून कुणाला नोकरी द्यावी न द्यावी असं काही नाही. बाकी सगळं सरावाने येतं. नोझिंग म्हणजे हुंगून परीक्षा करताना स्पिरिट पाणी घालून वीस टक्क्यांपर्यंत उतरवतात, रोज तेच तेच नमुने शंभरदा हुंगले की कुणाचंही नाक तयार होतं.

मंदार७७
पण मुलीच येत नसतील या क्षेत्रात तर कंपनी काय करणार? दोष कुणाला द्यायचा?

इतिहासवेडा
मंदारराव, येत नव्हत्या की येऊ देत नव्हते हे बघायला थोडं मागे जाऊ. लांबेल, ज्यांना कंटाळा त्यांनी खाली स्क्रोल करा.

प्लिनी नावाचा रोमन लेखक, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, त्याने लिहून ठेवलंय की पाळी असलेल्या बाईच्या संपर्काने नवी वाईन आंबट होते. हा समज युरोपातल्या काही तळघरांत थेट विसाव्या शतकापर्यंत टिकला. वाईनचं व्हिनेगर करतो तो अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया आणि त्याला लागतो ऑक्सिजन, हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं, तरी बाईच दोषी. जपानची तर गंमतच, जुन्या काळी तिथे तांदूळ चावून साके आंबवायचं काम बायका करायच्या, आणि धंदा मोठा झाल्यावर त्याच बायकांना साकेच्या भट्टीत पाऊल ठेवायला बंदी. आज तिथे हिरोशिमाकडच्या मिहो इमादांसारख्या बायका तोजी म्हणजे मुख्य ब्रूअर आहेत, पण मधली काही शतकं गेलीच ना.

आता शॅम्पेनकडे या. व्हव क्लिको हे नाव बाटलीवर सगळ्यांनी पाहिलं असेल, त्यातलं व्हव म्हणजे विधवा. बार्ब-निकोल पोन्सार्दां, १८०५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेला. फ्रान्समध्ये नेपोलियनचा नागरी कायदा नुकताच आलेला, १८०४ चा, त्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नाही, स्वतःच्या नावावर धंदा तर दूरच.  लग्न झालेल्या बाईला सही करायची मोकळीक बहुधा विधवा झाल्यावरच. मग या बाईने काय केलं बघा, बाटलीतला यीस्टचा गाळ तोंडाशी आणायला भोकं पाडलेलं टेबल वापरून रिडलिंगची पद्धत बसवली (१८१६ च्या सुमारास, सेलर मास्टर सोबत होताच), आणि त्याआधी १८१४ मध्ये, युद्धाची नाकेबंदी पुरती उठायच्या आत, १८११ सालची वाईन जहाजाने रशियाकडे धाडून बाकीच्या व्यापाऱ्यांना मागे टाकलं. पुढे लुईझ पोमेरी, तीही विधवा, तिने १८७४ ला कोरडी ब्रूत शॅम्पेन आणली, नाहीतर तोवर शॅम्पेन म्हणजे नुसती गोडमिट्ट. लिली बोलँजे, १९४१ ला नवरा गेल्यावर तीस वर्षं शॅम्पेनची कंपनी चालवली. पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात दोना आंतोनिया फेरेइरा, पुन्हा विधवा. लोक याला रोमँटिक रंग देतात, "धाडसी विधवा" वगैरे. धाडस होतंच हो, पण तेवढंच धाडस असलेल्या ज्या हजारो बायकांचे नवरे जिवंत होते त्यांचं काय झालं हे कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नाही.

श्रद्धा_एम
शेवटचं वाक्य वाचून थांबले.

उगाच_एक
म्हणजे करिअरसाठी आधी नवरा... जाऊ दे, अ‍ॅडमिन उडवतील.

कॉलम_स्टिल
इतिहासवेडा, स्कॉचचं पण येऊ द्या.

इतिहासवेडा
तिथे चित्र थोडं वेगळं. स्कॉटलंडची कार्डू डिस्टिलरी हेलन कमिंगने नावारूपाला आणली, नवऱ्याला १८१६ मध्ये चोरट्या गाळपाबद्दल शिक्षा झाली होती पण भट्टी बाईच सांभाळायची, एक्साईजवाले आले की लाल बावटा लावून आसपासच्यांना सावध करायची असं सांगतात. १८२४ ला परवाना घेतला. पुढे तिची सून एलिझाबेथ, तिने डिस्टिलरी नव्याने बांधली, जुन्या स्टिल ग्लेनफिडिक सुरू करणाऱ्या विल्यम ग्रांटला विकल्या आणि १८९३ मध्ये धंदा जॉन वॉकरच्या कंपनीला दिला. आणि आयला बेटावरच्या लॅफ्रोएग डिस्टिलरीची बेसी विल्यमसन, १९३४ ला उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली, मालकाला १९३८ मध्ये पक्षाघात झाला तशी कारभार हाती येत गेला, १९५४ ला मालक वारले तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावे करून गेले. ती ना बायको ना मुलगी ना विधवा. म्हणून मला हिची गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

अवांतर: अमेरिकेत १९४८ मध्ये मिशिगनचा एक कायदा सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला होता, मोठ्या शहरात बाईला बारटेंडर व्हायचं तर ती बारमालकाची बायको किंवा मुलगी असली पाहिजे. ते विकण्याबद्दल होतं, बनवण्याबद्दल नाही, पण विचार तोच.

तळघरातली
आणि मंदारभाऊ, "मुलीच येत नाहीत" बद्दल. रात्रपाळी! १९१९ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करारच होता की कारखान्यात बायकांना रात्री काम देऊ नका, १९४८ ला तो सुधारून पुन्हा आला, बऱ्याच देशांनी तसे कायदे केले, १९९० मध्ये कुठे ढील मिळाली. हेतू संरक्षणाचा असेल. पण फर्मेंटेशन रात्री झोपतं का? स्टिल रात्री बंद करतात का? ज्याला रात्री थांबता येत नाही त्याला प्रोसेस कळत नाही, आणि ज्याला प्रोसेस कळत नाही त्याला प्रमोशन नाही. मग बायका कुठे राहिल्या, तर बॉटलिंग हॉलमध्ये, लेबल चिकटवत. स्कॉटलंडमध्ये कित्येक पिढ्या बॉटलिंगवर बायकाच असायच्या, व्हिस्कीत बायका कधीच नव्हत्या असं म्हणणारा माणूस त्यांना मोजतच नाही.

मंदार७७
रात्रपाळीचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. तरी आता कायदे बदललेत, कॉलेजात मुली भरपूर असतात, मग पाच-दहा वर्षांत आपोआप सरळ होईल.

तळघरातली
आपोआप? कॅलिफोर्नियात बघा. डेव्हिसच्या विद्यापीठातून ईनॉलॉजीची (वाईनशास्त्राची) डिग्री घेणारी पहिली बाई मेरीअ‍ॅन ग्राफ, १९६५. तिथे आता वर्गात जवळपास निम्म्या मुली असतात. आणि सांता क्लारा विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं तर २०११ च्या सुमारास तिथल्या जेमतेम १० टक्के वायनरींत मुख्य वाईनमेकर बाई होती, २०२० ला पुन्हा पाहिलं तर १४. निम्म्या वर्गातून निघालेल्या बाकीच्या मुली गेल्या कुठे? लॅबमध्ये, पाहुण्यांना वाईन चाखवायच्या टेस्टिंग रूममध्ये, मार्केटिंगमध्ये, आणि काही घरी.

म्हणून माझं मत सांगते, पटलं तर घ्या. लॅब वाईट नाही. पण लॅबमधली पोरगी आकडा देते, निर्णय दुसराच घेतो. द्राक्षं कधी तोडायची, कुठली टाकी कुठल्या टाकीत मिसळायची, सल्फर किती, बॅरलमधून कधी काढायचं. व्हीए (वाईनमधला व्हिनेगरसारखा आंबटपणा) वाढलाय हे तू सांगणार आणि मग मीटिंगमध्ये तू नसणार. सेलरमधून वर आलेल्या माणसाला टाकीजवळ उभं राहून भांडता येतं कारण ती टाकी त्याने धुतलेली असते. आधी सेलर कर, मग लॅबमध्ये जा, तेव्हा तुझ्या आकड्याला वजन येईल. उलटं करायला गेलीस तर सेलरवाले "लॅबवाल्या मॅडम" म्हणत राहतील, अनुभवाचे बोल.

कॉलम_स्टिल
इथे असहमत. वायनरीत सीझन असतो म्हणून उडी मारता येते. डिस्टिलरीत आधी आत तर यावं लागतं, आणि आत यायला लॅब हेच उघडं दार आहे. फक्त नेमणुकीच्या कागदावर लिहून घ्या की अमुक काळाने प्रॉडक्शन शिफ्टमध्ये फिरवतील. तोंडी आश्वासन आमच्या धंद्यात एंजल्स शेअरसारखं, म्हणजे बॅरलमधून वाफ होऊन जाणाऱ्या दारूसारखं, दरवर्षी थोडं थोडं उडून जातं. आणि स्टिल हाऊसमधला धोका वेगळा, ४० टक्के स्पिरिटचा फ्लॅश पॉइंट साधारण २६ अंश, म्हणजे गरम दिवसात सांडलेल्या दारूची वाफ एका ठिणगीने पेटते. तिथे नवख्याला कोणी थेट सोडतच नाही, बाई असो वा पुरुष.

श्रद्धा_एम
कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. मी वाईनमध्ये होते, आता नाही. दिवस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच वास असह्य झाले, यीस्टचा, ओल्या ओकचा, आणि बॅरलला लावायच्या सल्फरचा तर विचारूच नका, एसओटू (सल्फर डायऑक्साईड) तसाही श्वासनलिकेला त्रास देणारा गॅस. वाईन चाखणं बंद केलं, थुंकलं तरी थोडा अंश पोटात जातोच म्हणून डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. मॅनेजमेंटला सांगितल्यावर उत्तर आलं की मग तुम्ही ब्लेंडिंग कशी करणार. म्हणजे जे नाक कौतुकाचं होतं तेच नाक अडचणीचं. मी नुसतं हुंगून काम करायला तयार होते, चवीसाठी शेजारी दुसरं कोणी बसवता आलं असतं, पण ब्लेंडच्या मीटिंगमधून माझं नाव हळूच गेलं आणि परत कधी आलं नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर मला व्हिजिटर टूर दिल्या, "हलकं काम" म्हणून.

अवनी, तुला घाबरवायला लिहीत नाहीये. तिथल्या बायकांना विचार, रजेवरून परत आल्यावर कोण कुठल्या कामावर आलं. तशी एकही बाई तिथे नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

तळघरातली
श्रद्धा, हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे आता वाईन चाखून ठरवणाऱ्या पॅनेलवर कुणीतरी कायम "फक्त नाक" असतं, कधी गरोदरपण, कधी औषधं चालू असलेला एखादा पुरुष, कधी पिणं पूर्ण सोडलेला माणूस. ब्लेंड काही बिघडत नाही. करायचं म्हटलं तर साधी गोष्ट आहे.

सावली२२
एक वेगळं उदाहरण देते. दक्षिण आफ्रिकेच्या न्त्सिकी बियेला, झुलू भाषिक, घरात वाईनचा संबंध नाही, कधी चाखलीही नव्हती, शिष्यवृत्ती मिळाली म्हणून वाईनमेकिंगला गेल्या आणि तिथे लेक्चर आफ्रिकान्समध्ये जी भाषा येत नाही. २००४ मध्ये स्टेलेकाया वायनरीत वाईनमेकर झाल्या, त्या देशातली पहिली काळी बाई वाईनमेकर. पुढे स्वतःचा अस्लिना ब्रँड काढला, आजीच्या नावाने. ना विधवा, ना मालकाची मुलगी. लेबलवर मात्र आजी.

इतिहासवेडा
वा! हे भारी आहे.

अवनी_के
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढला धागा. आज वायनरीत फोनवर बोलले. गॅस मीटरचं विचारलं तर बाईंनी (हो, सेलर सुपरवायझर बाई आहेत!) लगेच सांगितलं की मीटर प्रत्येकाच्या कॉलरला लावायचा, टाकीत एकट्याने उतरायचं नाही, बाहेर माणूस उभा पाहिजे. मग त्यांनीच मला उलट विचारलं की रात्रपाळी चालेल ना. हो म्हटलं. डिस्टिलरीला मेल टाकलाय की सीझननंतर जागा असेल तर येईन, पण शिफ्ट रोटेशन लेखी हवं. उत्तर आलेलं नाही. आईला अजून सांगायचंय.

एक प्रश्न राहिला. बूट-ग्लोव्हज स्वतःचे न्यायचे की ते देतात?

तळघरातली
देतात, पण पुरुषांच्या मापाचे. मोठ्या ग्लोव्हजने क्लॅम्प नीट बसत नाही आणि सैल बुटात पाणी जातं, स्वतःचे घे, बोटांवर स्टीलचं कवच असलेले गमबूट. मास्क मात्र त्यांच्याकडूनच माग आणि तुझ्या चेहऱ्यावर फिट टेस्ट करून दे म्हणून अडून बस, कडेने हवा शिरली तर तो मास्क नुसता शोभेचा. आणि केस बांध, पंपाच्या कपलिंगजवळ ओढणी-बिढणी अजिबात नको.

मंदार७७
शुभेच्छा अवनी. सीझन झाला की इथेच लिही, धागा वर आणू. इतिहासवेडा, साकेवर वेगळा धागा काढा ना, तो तांदूळ चावायचा प्रकार नीट इस्कटून सांगा.

उगाच_एक
सॅम्पलचं कोणीच सांगितलं नाही.